कोपरा नसलेली पत्रं

तात्या, माझे वडील, गेले तो गुरुवार होता. सकाळी ते जेवले आणि वाचनालयात गेले. दुपारी फोन आला. मी नंदुरबारहून बसने तळोद्याला आले. संध्याकाळी त्यांना नेलं.

या चैत्रात त्याला वर्ष झालं. वर्षश्राद्धाच्या आधी मी मायला, म्हणजे माझ्या आईला, बरोबर घेऊन वाचनालयाच्या मागच्या खोलीत गेले. तात्यांचा जुन्या पत्रांचा संग्रह तिथे आहे. ते गेल्यापासून मी त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. कुलूप एस्तेरनं काढलं. एस्तेर ख्रिस्ती, नवापूरकडची, डोंगराला लागून असलेल्या एका गावातली. तात्यांच्या शेवटच्या वर्षांत ती संग्रहाचं काम पाहायला आली आणि अजून तीच पाहते.

दार उघडलं तसा आधी वास आला. वेखंडाचा, वाळलेल्या कडुलिंबाचा आणि त्या दोघांच्या खालून जुन्या कागदाचा. तो वास मला कधीच नीट सांगता आला नाही. शेंगांची टरफलं भिजून पुन्हा वाळली तर येईल तसा काहीसा. खिडकीतून बाहेरचा वास येत होता. मोलगीकडून उतरणाऱ्या जीपांच्या टपावर महूच्या, म्हणजे मोहाच्या, फुलांची पोती असतात आणि चैत्रात सगळं गाव त्या गोड, आंबूस वासानं भरून जातं. या दोन वासांच्या मधे मी लहानाची मोठी झाले. त्या दिवशी दारात उभी राहिले तेव्हा दोन्ही जागेवर होते. खुर्ची तेवढी रिकामी होती.

आम्ही तिथून एक गठ्ठा न्यायला आलो होतो. प्रकाशा या तीर्थाच्या गावी, तापीत सोडायला.

आमच्याकडे मरणाची बातमी देणाऱ्या पत्राचा कोपरा फाडून पाठवत. पत्र हातात येताच कळावं म्हणून. असं पत्र घरात आणायचं नसतं. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, वाचून झालं की फाडून टाकायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. पण प्रत्येकाच्या हातून ते फाडलं जात नाही. कुठे घरात वाचता येणारं कोणी नसतं, कुठे वाचणाऱ्याचाच हात थांबतो. मग ते गोठ्याच्या वळचणीला किंवा वाशाच्या फटीत राहून जातं. दोन पिढ्यांनंतर ते कोणी कोणाला लिहिलं हे कोणाला ठाऊक नसतं. कोपरा नाही एवढं दिसतं आणि तेवढ्यावर कोणी त्याला हात लावत नाही.

तात्या शाळेत शिक्षक होते आणि त्यांना मोडी येत होती. जुनी पत्रं गोळा करतात, वाचून ठेवतात, ही गोष्ट तापीकाठच्या गावांत पसरली तशी लोकांनी ही कोपरा नसलेली पत्रंही त्यांच्याकडे आणून दिली. त्यांनी ती घेतली, पण एकही उघडलं नाही. ज्यांच्यासाठी लिहिलं होतं त्यांनी ते ऐकलं, मरण दोनदा ऐकवू नये, असं ते म्हणत. संग्रहाच्या नोंदवहीत ती पत्रं नाहीत. मांजरपाटाच्या फडक्यात बांधून त्यांनी ती कपाटांपासून लांब, खिडकीच्या कोनाड्यात ठेवली होती. मायला सांगून ठेवलं होतं की माझ्यामागे हे गठुडं तापीत सोडा. अस्थी नेल्या तेव्हा ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. मायच्या मनाला ते वर्षभर लागून राहिलं होतं. नवऱ्यानं सांगितलेलं शेवटचं काम आणि तेच राहून गेलं, असं तिला वाटे.

त्या खोलीत माझं बालपण गेलं असं म्हटलं तर ते खोटं नाही, पण मी तिथे पाठ करून बसलेली असे.

मोडी वाचायला दोघं लागतात, असा तात्यांचा नियम होता. एक वाचणारा, एक लिहिणारा. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग हात न उचलता तिला अक्षरं टांगत जातात. शब्द कुठे संपला आणि वाक्य कुठे संपलं याची खूण नसते. त्यामुळे वाचणारा मोठ्यानं वाचतो, अडखळतो, मागे जातो, पुन्हा वाचतो. लिहिणाऱ्यानं ते ऐकून बाळबोध अक्षरात उतरवायचं. पण मूळ कागद पाहायचा नाही. तात्यांचं टेबल खिडकीशी होतं, माझं बसकूर त्यांच्या मागे, आणि माझं तोंड भिंतीकडे.

“तू कागद पाहिलास की माझ्याबरोबर चुकशील,” ते म्हणत. “कानानं लिही.”

वाचन चाललं असताना ते शाळेसारखं बोलत, घरी अहिराणी. त्यामुळे मला लहानपणी वाटे की तात्या दोन आहेत. हे दुसरे तात्या मी कधी नीट पाहिलेच नाहीत. ते वाचताना कसे दिसत होते ते मला माहीत नाही. मला त्यांचा आवाज माहीत आहे. अवघड अक्षर आलं की जीभ टाळूला लागल्याचा बारीक आवाज यायचा. खुर्ची करकरली की समजायचं, ते कागद उजेडाकडे धरताहेत. आणि पत्रात कोणाच्या घरी पाळणा हलल्याची बातमी आली की त्यांचा आवाज खाली यायचा, जणू ते बाळ शेजारच्या खोलीत झोपलेलं आहे.

लिहिणाऱ्याचं काम नुसतं लिहायचं नव्हतं. वाक्य कानाला पटलं नाही तर थांबवायचं होतं. एकदा त्यांनी वाचलं की सासऱ्यानं जावयाला विहीर पाठवली. मी लेखणी थांबवली आणि भिंतीकडे पाहत म्हटलं की तात्या, विहीर कशी पाठवतील. खुर्ची करकरली. मग ते म्हणाले, “पाठवली नाही. खणवली.” आणि स्वतःशीच इतके हसले की पुढचं वाचन त्या दिवशी झालं नाही.

जवळजवळ प्रत्येक पत्राची सुरुवात सारखी असे. वर श्री. मग तीर्थरूप किंवा चिरंजीव, साष्टांग नमस्कार किंवा अनेक आशीर्वाद, आणि मग येथील क्षेम जाणोन स्वकीये कुशल लिहीत जावे. आमच्याकडे सगळं ठीक आहे, तुमचं कळवत जा. हे मी इतक्या वेळा लिहिलं की पुढे पुढे तात्यांनी वाचायच्या आधीच लिहून मोकळी होई. ते त्यांना टाकाच्या आवाजावरून कळे.

“थांब. मी अजून वाचलं नाही.”

“असणारच ना, तात्या.”

“असणारच. तरी वाचल्याशिवाय लिहायचं नाही. एखाद्या घरी क्षेम नसतं.”

ज्या घरी ते नसे त्या घरच्या पत्रावर वर श्रीही नसे आणि क्षेमही. तसं पत्र त्यांच्या टेबलावर कधी आलं नाही, म्हणून मी ते कधी लिहिलं नाही. माझ्या वह्यांत सगळीकडे क्षेम आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पत्रांना वारा देण्याचे दिवस येत. उन्हात नाही, सावलीत. वाचनालयाच्या ओट्यावर सतरंज्या अंथरायच्या, त्यावर जुनी धुतलेली धोतरं, आणि त्यावर एक एक पत्र उलगडून ठेवायचं. कोपऱ्यांवर चिंचोके. गार झुळूक आली की सगळ्या ओट्यावरून एक सळसळ जायची. खूप माणसं एकदम हळू आवाजात बोलायला लागली आहेत असं वाटायचं आणि माझ्या अंगावर काटा येई. ते भय नव्हतं. भयाच्या शेजारी राहणारं काही तरी होतं. मी पुढे पुष्कळ शिकले, मोठमोठी ग्रंथालयं पाहिली, पण तसं मला पुन्हा कुठे झालं नाही.

कारण ती पत्रं कोणा मोठ्या माणसांची नव्हती. कोणी लढाई जिंकली नव्हती. कोणी लिहिलं होतं की बैल बसला आहे, उठत नाही. कोणी लिहिलं होतं की यंदा आंब्याला मोहोर फार आहे पण नजर लागेल म्हणून कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतो. एका पत्राच्या घडीत ज्वारीचे दाणे होते, बियाणं म्हणून पाठवलेले, आणि पेरायचे राहून गेलेले. एकाच्या मागे शाईचा अंगठा उमटला होता, इतका लहान की तो मुलाचाच असणार. त्याला तेव्हा रागावले असतील. तो म्हातारा होऊन गेला असेल. त्याची नातवंडंही गेली असतील. अंगठा काळाभोर होता. काजळाची शाई फिकी पडत नाही, तात्या सांगत, माणसं पडतात.

लग्नाच्या पत्रांना हळदीची बोटं लावलेली असत. हळद पुसट होऊन कागदाच्या रंगात मिसळून गेलेली असे, पण ओलसर दिवशी ती थोडी वर यायची. मी ती पत्रं नाकाशी धरायची. वास येत नसे. तरी मी धरायची.

आणि वाळू. लिहिणारे ओल्या शाईवर बारीक वाळू टाकत आणि झटकत. थोडी घडीत अडकून राही. ज्या पत्राला कोणी फारसं उघडलेलं नसे ते उलगडताना त्यातून कण निसटत आणि धोतरावर चमकत. मला ते फार मोठं वाटायचं. ज्या दुपारी ते पत्र लिहिलं गेलं ती दुपार त्या कणांबरोबर खाली पडते आहे, असं. मी बोट लावून पाहायची. ते साधे वाळूचे कण होते.

कोपरा नसलेली पत्रं यायची तेव्हा वेगळं असायचं. ती घरी यायची, वाचनालयात नाही, आणि आणणारा अंगणातच उभा राही. त्यांतलं एक येणं मला स्वच्छ आठवतं. पौष होता. रनाळ्याहून एक शेतकरी आला, काठीच्या टोकाला गाठोडं अडकवून, म्हणजे अंगाला लागायला नको. रनाळं मायचं माहेर. तिनं त्याला ओळखलं, गल्लीतल्या सगळ्यांची नावं घेऊन विचारपूस केली, चहा ठेवला. पण तो ओसरीवर चढेना. घरात आजाच्या आजापासून पडून आहे, म्हणाला, पोरं त्या कोपऱ्यात खेळायला गेली तरी बाया ओरडतात.

“हाई बठं मरननं शे, गुर्जी,” तो म्हणाला. “टाकाले हात धजस नही आन ठेवाले भ्याव वाटस.”

तात्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. तो माणूस गेल्यावर गाठोडं अंगणातल्या बाजेखाली ठेवून ते परसात गेले आणि हौदातलं पाणी डोक्यावरून घेतलं. पौषात सकाळी हौदाच्या पाण्याला हात लावला तर बोटं दुखतात. माय आतून ओरडत होती की तांब्याभर गरम तरी मिसळा. त्यांनी मिसळलं नाही. प्रत्येक गाठोड्याच्या वेळी ते असंच करत. आम्हाला ती माणसं कोण हे माहीत नव्हतं आणि आमच्या घरात त्यांच्यासाठी पाणी घेतलं जात होतं. मला तेव्हा वडिलांचा फार अभिमान वाटला होता आणि त्यांना सर्दी झाली होती.

तो गठ्ठा आता एस्तेरनं कोनाड्यातून काढून टेबलावर ठेवला होता.

माय आत आली नव्हती. ती बाहेर ओट्यावर निंबाच्या सावलीत बसली होती, आमच्या तिघींचे अंघोळीनंतरचे कपडे पिशवीत घेऊन. खिडकीतून तिचं सगळं लक्ष आत होतं. फडकं पार विरलं होतं. प्रकाशापर्यंत ते टिकणार नाही, दुसऱ्यात बांधायला हवं, असं मी म्हटलं, तसं बाहेरून उत्तर आलं.

“एस्तेर, तूच सोड वं त्यानी गाठ. तुले सुतक नही.”

“आमच्याकडेही माणसं मरतात, काकू,” एस्तेर म्हणाली.

“मी कोठे नही म्हनी ऱ्हायनू?” माय म्हणाली आणि पदरानं वारा घेऊ लागली.

एस्तेरनं गाठीला हात लावला नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मग हळूच म्हणाली की ताई, सोडायचं ते सोडा, सरांचा शब्द आहे. फक्त काय जातंय ते एकदा पाहून घ्या. नंतर पाहता येणार नाही.

मी गाठ सोडली.

आत लहान लहान पुड्या होत्या आणि प्रत्येकीवर तात्यांच्या पेन्सिलीत गावाचं नाव. बऱ्याच पुड्यांत एखाद-दुसरंच पत्र होतं. त्यांचे कोपरे फाडलेले होते हे सरळ दिसत होतं. जुना हातकागद फाडला की कडेला कापसासारखे तंतू सुटतात. ती पत्रं मी उघडली नाहीत. बाजूला ठेवली. त्यांच्याजवळ माझा हातही हळू चालत होता.

रनाळ्याची पुडी तेवढी जाड होती. सुतळी काढली. एकावर एक ठेवलेली, उभ्या घड्यांची पत्रं, आणि प्रत्येकाचा तोच कोपरा नाही. वरचं उचललं. घडी चिकटली होती. हळूहळू उलगडली तशी वाळू सांडली, इतकी की एस्तेरनं पटकन खाली हात धरला. म्हणजे हे पत्र एकदा वाचून मिटलं ते पुन्हा कोणी उघडलंच नव्हतं.

पूर्ण उलगडल्यावर आम्ही दोघी ते पाहत राहिलो. कागदाच्या एका कडेला घास घेतल्यासारखी खाच होती. थोडं अंतर सोडून तशीच दुसरी. मग तिसरी. सव्वीस जानेवारीला शाळेत कागद घडी घालून कातरायचो आणि उलगडल्यावर पताकेला एकसारखी भोकं पडायची, तसं.

फाडलेला कोपरा एकच असतो. पत्र लिहिणारा तो आधी फाडतो, मग घडी घालतो. हे घडी घातल्यानंतर गेलं होतं.

“उंदीर,” एस्तेर म्हणाली.

मी दुसरं उलगडलं. तिसरं. सगळ्यांना त्याच खाचा. रनाळ्याच्या त्या घरात कधी तरी, धान्याच्या कणगीशेजारी असेल, वर्षानुवर्षांची पत्रं रचून ठेवलेली होती आणि एका बाजूनं उंदीर खात गेला. पुढे कोणी तरी ती पाहिली. वाचता येणारा घरात उरला नव्हता. कोपरे नाहीत एवढंच दिसलं. आणि त्या दिवसापासून ते घर त्या पत्रांचं सुतक पाळत राहिलं. पोरांना तिकडे जाऊ दिलं नाही. कोणी नवी सून आली की तिला तो कोपरा दाखवून सांगितलं असेल, हात लावू नको, आपल्याकडे फार मरण झालं होतं.

पण उंदीर मरणाचं पत्रही खातो. खाचांवरून काही ठरत नव्हतं. वाचायला हवं होतं आणि मला मोडी वाचता येत नव्हती, एस्तेरलाही नाही. इतकी वर्षं त्या खोलीत काढून मी फक्त ऐकलं होतं.

कपाटात माझ्या वह्या होत्या. एस्तेरला मी एक वही आणि त्या वहीतल्या पहिल्या पत्राचं मूळ काढायला सांगितलं. ती दोन्ही समोरासमोर ठेवली. डावीकडे ज्या कागदाकडे मी पाठ करून बसले होते तो, उजवीकडे माझं शाळेतलं गोल, टपोरं अक्षर. ते दोन्ही एकत्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. कोणता वळसा कोणतं अक्षर ते माझीच वही मला सांगत होती. माझं बोट माझ्या ओळीवर, दुसरं मूळ ओळीवर, आणि मधे तात्यांचा आवाज, जसाच्या तसा, अडखळण्यासकट. मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो थांबला असता असं मला वाटत होतं.

वर श्री. तो ओळखायला वेळ लागला नाही. मग नमस्कार. मग ती जागा, जिथे मी नेहमी घाई करायची. तिथला आकार मी नीट पाहून घेतला. एक मोठा वळसा, खाली उतरून पुन्हा रेघेला येऊन मिळणारा, आणि त्याला लागून दुसरा. मग रनाळ्याचं पत्र ओढून जवळ घेतलं.

वर श्री होता.

खाली, दुसऱ्या ओळीत, तोच वळसा होता. दुसऱ्याच्या हाताचा, थोडा तिरका, पण तोच. मी बोट ठेवलं. पुढच्या पत्रात पाहिलं. त्यातही होता. त्याच्या पुढच्यात शाई दाट होती आणि तो अधिक ठळक होता. येथील क्षेम. येथील क्षेम. इतकी माणसं, एकामागून एक, इतकी वर्षं अंधारात हेच सांगत होती की आमच्याकडे सगळं ठीक आहे, तुमचं कळवा. ज्या वर्षी माझ्या घरी क्षेम नव्हतं त्या वर्षी ते मला कळलं. एस्तेर खिडकीपाशी जाऊन उभी राहिली होती.

मी ते पत्र घेऊन ओट्यावर गेले. माय लगेच मागे सरकली.

“दूर धर. काय व्हयनं?”

मी उंबऱ्याबाहेर उभी राहून वाचलं. हे मरणाचं नाही असं आधी सांगितलं असतं तरी तिनं मानलं नसतं. म्हणून नुसतं वाचलं. श्री. साष्टांग नमस्कार. येथील क्षेम जाणोन स्वकीये कुशल लिहीत जावे. तिचा पदर हलायचा थांबला. ही ओळ तिला पाठ होती. मी लहानपणी ती घरभर म्हणत फिरायची.

“आखो वाच,” ती म्हणाली.

पुढचं मला सहज येत नव्हतं. वही मांडीवर घेऊन, एक एक अक्षर लावत, कधी मागे जात मी वाचत राहिले. तिनं घाई केली नाही. रनाळ्याच्या व्याह्यांना, म्हणजे सुनेच्या माहेरी, लिहिलेलं होतं. पीकपाणी बरं होतं. म्हातारीचे डोळे सुधारले होते. आणि मग हे होतं की ठकीस आखाजीस आणावयास मुऱ्हाळी लवकर धाडावा, ती रोज वाटेकडे पाहते, आमच्याने पाहवत नाही.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या भागात त्या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. लेकीला आणायला माहेराहून जो जातो तो मुऱ्हाळी. माय त्याच गावची लेक. तिचा भाऊ होता तोवर दर आखाजीला मुऱ्हाळी होऊन आमच्या दारात यायचा.

ती काही वेळ रस्त्याकडे पाहत राहिली. एक जीप गेली, धूळ बसली.

“गयी व्हई का वं ती?” ती म्हणाली.

मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. मग तिनं हात पुढे केला. मी पत्र दिलं. तिनं ते धरलं, खाचांवरून अंगठा फिरवला, उलटं करून पाहिलं. आणि एकाएकी ती हसायला लागली, तोंडाला पदर लावून, डोळे पुसत.

“मंग तुन्हा बापनी फुकटमाच आंघोळी कऱ्यात,” ती म्हणाली. “पौसना थंडीमा. गरम पानी ल्या म्हनू त ऐके नही.”

एस्तेर आतून बाहेर आली होती. तीही हसली. हसता हसता मला रडू आलं. वर्षभरात मी घरच्या माणसांसमोर रडले नव्हते.

आता काय करायचं हा प्रश्न होताच. शब्द दिलेला होता. तात्यांनी सगळं गठुडं सोडायला सांगितलं होतं, त्यातलं हे ठेवा आणि ते सोडा असं सांगितलं नव्हतं. मी मायला विचारलं. तो तिचा शब्द होता, माझा नव्हता. तिनं कपड्यांची पिशवी मांडीवरून खाली ठेवली. पत्राची घडी होती तशी, जुन्याच मोडीवर घातली आणि माझ्या हातात दिली.

“तुन्हा बापनी मरनना कागद सोडाले सांगेल व्हतं,” ती म्हणाली. “जिता कागद नही.”

वर्षश्राद्धाच्या दिवशी आम्ही प्रकाशाला गेलो. बाकीच्या पुड्या नव्या फडक्यात बांधून नेल्या होत्या. चैत्रातली तापी संथ होती, घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि पलीकडे कोणी टरबुजं धूत होतं. मायनं ती पुडकी स्वतः सोडली, एक एक, गावाचं नाव घेऊन. हातकागद लगेच बुडत नाही. आधी पाणी पितो, गडद होतो, मग कडेनं वाकतो आणि जातो. आम्ही अंघोळी केल्या.

रनाळ्याची पत्रं आता नोंदवहीत आहेत. त्या घरी निरोप पाठवला तेव्हा त्या शेतकऱ्याचा मुलगा येऊन पाहून गेला. त्यानं पत्रांना हात लावला, मग हात कुठे पुसावा ते त्याला कळेना, मग तो तसाच बसून राहिला. दर शनिवारी मी तळोद्याला जाते. टेबलाशी मी बसते आणि वाचते. एस्तेर माझ्याकडे पाठ करून लिहून घेते. वाक्य पटलं नाही की ती थांबवते आणि पुष्कळदा तिचंच बरोबर असतं. काम फार हळू चालतं. ठकी त्या आखाजीला माहेरी गेली का, ते अजून सापडलेलं नाही. पुडीत पुष्कळ पत्रं वाचायची बाकी आहेत.